पान एकसष्ट

३ फेब्रुवारी

प्रिय मामा,

तुझ्या कादंबरीची पहिली शंभर पानं जुळवून झाली आणि त्यांचं पहिलं प्रूफ मी तपासलं. फोनवर तुला निम्मं ऐकू येतं आणि उरलेलं निम्मं तू मनानं रचतोस, त्यामुळे शंका पत्रानंच कळवते. पानांचे आकडे तुझ्या हस्तलिखिताचे आहेत.

आधी एक गोष्ट सांगून टाकते. संपादकांनी हे काम माझ्याकडे दिलं तेव्हा मी त्यांना म्हटलं होतं, लेखक माझा सख्खा मामा आहे, मी त्याच्याच घरात वाढले, दुसऱ्या कुणाला तरी द्या. ते म्हणाले, "मग तर तुम्ही जास्तच चुका काढाल." हे खरं आहे का, यावर मी दोन दिवस विचार केला. आणि काम घेतलं.

पान १२ वर घड्याळजी भिंग उजव्या डोळ्याला लावतो आणि पान ४० वर डाव्या. एक डोळा ठरव. पान ३४ वर त्याच्या दुकानाची खिडकी पूर्वेला आहे, तरी संध्याकाळचं ऊन बाकावर पडतं. पान ४७ वर त्याची बायको कोटाला रफू करते, ते वर्णन मला फार आवडलं, पण तिनं सुईत दोरा दोनदा ओवला आहे.

आता पान ६१. "गुरुवारी सकाळी अकराच्या सुमाराला घड्याळजीची बायको वारली." वाक्यात चूक काहीच नाही. पण मामा, हे फार अचानक येतं. साठ पानं आपण तिच्यासोबत राहतो, ती आजारी आहे हे पान ५९ वर कळतं, आणि दोन पानांत सगळं संपतं. वाचकाची तयारी झालेली नसते. हे वाक्य पुढे नेता येईल का? पान ९० च्या आसपास? समासात गोल करून प्रश्नचिन्ह टाकलं आहे. निर्णय अर्थात तुझा.

प्रत्येक पानाच्या तळाशी मामीची पेन्सिलीची बरोबरची खूण पाहून हायसं वाटलं. तिच्या नजरेखालून गेलेलं पान म्हणजे माझं निम्मं काम झालेलं.

गोळ्या वेळेवर घे.

तुझी भाची

१५ फेब्रुवारी

प्रिय खोडरबर,

पाकीट पोचलं. शाबास. भिंग डाव्या डोळ्याला पक्कं केलं. खिडकी पश्चिमेला फिरवली. अख्खं दुकान एका ओळीत फिरलं, गवंडी लागला नाही. दुसरा दोरा काढला.

पान ६१ चं म्हणशील, तर माझ्या अनुभवात ते तसंच घडतं. एकोणसाठला कळतं आणि एकसष्टला संपतं. पण वाचकाची तयारी हा तुझा प्रांत. नेलं पान ९० वर. सोबत बदललेली पानं आहेत.

तुझ्या मामीला जाऊन परवा पाच महिने होतील. तिचा चष्मा फ्रिजवर आहे, तिथेच ठेवला आहे. त्याची खरी जागा कुठली हे मला कधीच कळलं नाही, कारण हरवला की तो नेहमी फ्रिजवरच सापडायचा. मी अंडी उकडायला शिकलो. सोलताना निम्मं अंडं टरफलाबरोबर जातं, म्हणून आता दोन उकडतो आणि एक खातो. शेजारचे पोस्टमास्तर निवृत्त झाल्यापासून रोज चारला बुद्धिबळ खेळायला येतात. हरले की म्हणतात, "वहिनींच्या हातचा चहा नाही ना, डोकं चालत नाही." जिंकले की काही म्हणत नाहीत.

प्रूफ वाचण्याची मात्र पंचाईत झाली आहे. तुला आठवत असेल, ती हस्तलिखित मोठ्यानं वाचायची, स्वल्पविराम-पूर्णविरामांसकट, आणि मी समोर प्रूफ धरून बसायचो. या वेळी पोस्टमास्तरांना बसवून पाहिलं. ते "स्वल्पविराम" असं म्हणतात की मला वाटतं माझं पार्सल परत आलंय.

तू तेव्हा तिसऱ्या दिवशी आलीस आणि संध्याकाळच्या बसनं गेलीस. त्यानंतर आली नाहीस. हा टोमणा नाही. बरं, टोमणाच आहे. सुट्टी काढ आणि ये.

तुझा मामा

२६ फेब्रुवारी

प्रिय मामा,

बदललेली पानं मिळाली. सुट्टीचं अवघड आहे. शब्दकोशाचं दुसरं प्रूफ चालू आहे, 'प' कसाबसा संपत आलाय आणि संपादक येता-जाता कॅलेंडरकडे बघून सुस्कारे टाकतात. मेमध्ये बघू.

पान ९० वर ते वाक्य नीट बसत नाही. त्याच्यानंतर चारच ओळींनी एक गिऱ्हाईक भिंतीवरचं घड्याळ काखेत मारून येतं आणि म्हणतं, "हे तेराचे ठोके देतं, पण बायकोला सवय झालीय, तेवढं राहू द्या." ती वारली आणि लगेच हे, म्हणजे सूर बिघडतो. विनोद काढावा की वाक्य हलवावं, याबद्दल माझं मत तीनदा बदललं. विनोद चांगला आहे. वाक्य आणखी पुढे न्यावं असं मला वाटतं. पान १२८ पाशी एक शांत जागा आहे, तिथे ते जाईल.

मधली पानं मात्र बदलावी लागतील. उदाहरणार्थ पान ७४ वर घड्याळजी बायकोचा हिरवा स्वेटर कुणाला तरी देऊन टाकतो. ती घरात असताना असं करणं बरं दिसणार नाही.

हस्तलिखित संगणकावर जुळवणाऱ्या बाई माझ्या शेजारच्या टेबलाशी बसतात. तुझ्या अक्षराचं कौतुक करत होत्या. तुम्हा दोघांची नेहमी चौकशी करतात.

अंडं गरम असतानाच गार पाण्यात टाक, टरफल सुटतं.

तुझी भाची

९ मार्च

प्रिय खोडरबर,

तुझं ऐकलं आणि फसलो. म्हणजे चांगल्या अर्थानं फसलो.

बायकोचं मरण १२८ वर नेलं, तर मधली साठेक पानं ती रिकामी कशी बसेल? तिला काम द्यावं लागलं. बाजारात पाठवावं लागलं. मग बोलायला दिलं, तर ती थांबेना. पान ८० वर तिनं घड्याळजीला चांगलं झापलंय. "जगाची घड्याळं दुरुस्त करतोस आणि घरातलं तीन वर्षं वीस मिनिटं पुढे आहे." तो म्हणतो, "अगं, ते पुढे आहे हे धरूनच तू सगळं वेळेवर करतेस. दुरुस्त केलं तर तुझा घोटाळा होईल." ती म्हणते, "माझ्या घोटाळ्याचं मी बघते. तुझा कुठला स्क्रू सैल आहे तेवढं तू बघ."

लिहिता लिहिता मी मोठ्यानं हसलो. पोस्टमास्तर पटावरून मान वर करून म्हणाले, "काय झालं?"

मी म्हटलं, "ही बोलली."

 पुढच्या चालीला त्यांचा वजीर गेला. मला वाटतं, मुद्दामच घालवला.

रोज सकाळी सहाला बसतो, चार-पाच पानं होतात. माझ्या उमेदीच्या काळातही अशी होत नव्हती. हिरवा स्वेटर तिच्या अंगावर आहे, काळजी करू नकोस. जुनी पानं आणि नवी पानं थोडी मिसळली आहेत, त्यामुळे १०१ वर ती अजून वारलेलीच आहे आणि १०२ वर चहा ठेवते. तू बघून घे, तुला सगळं दिसतं.

अंड्याचं जमलं. आता एकच उकडतो.

तुझा मामा

२१ मार्च

प्रिय मामा,

सगळ्यात आधी हे लिहिते, कारण पुढचं वाचून तू हे विसरशील: आजवर तू लिहिलेल्या पानांत ही सर्वांत चांगली आहेत. घड्याळजीची बायको बोलायला लागली की मी तपासायचं विसरते. पान ८४ वरची चुकलेली वेलांटी मला दुसऱ्या वाचनात दिसली. माझ्याकडून असं होत नाही.

आणि म्हणूनच मला भीती वाटते. पुढचं लिहू की नको, याचा मी आठवडाभर विचार केला. लिहिणं हा भोचकपणा असेल, न लिहिणं हा भित्रेपणा असेल. शेवटी भोचकपणा पत्करला.

मामी डावखुरी. तिची खूण उलटी पडायची, लांब शेपूट डावीकडे. पान ५८ पर्यंत तशीच आहे. पान ५९ पासून शेपूट उजवीकडे वळतं. पेन्सिल तीच आहे, हात तो नाही. त्या खुणा तू करतोस, मामा. आणि पोस्टमास्तरांना सांगतोस, "ही बोलली."

बावीस वर्षांत अशा विषयावरची वीस-पंचवीस पुस्तकं माझ्या हाताखालून गेली असतील. त्यांत मागे राहिलेला माणूस टेबलावर दोन कप मांडतो, चपला दाराशी तशाच ठेवतो, घंटी वाजली की धावत जातो. शेवटून दुसऱ्या प्रकरणात तो रडतो आणि शेवटच्या प्रकरणात खिडकी उघडतो. त्या सगळ्या खिडक्यांचे ऱ्हस्व-दीर्घ मी नीट केले आहेत. मला वाटायचं, लेखक एकमेकांचं बघून लिहितात. आता तुझी पानं पाहून वाटतं, खरंच असं होत असावं. जे झालं ते तू मानत नाहीस. तुझ्या डॉक्टरांशी एकदा बोल. गोळ्यांबद्दल नव्हे, याबद्दल.

कादंबरीबद्दल संपादकांशी बोलणं झालं. मेअखेर ती छपाईला जायची आहे. नव्या पानांनंतर १२८ वरचं ते वाक्य खरं तर लागतच नाही, असं माझं मत झालं आहे. पान १२७ वर दोघं जेवणाच्या टेबलाशी बसलेली आहेत, तिथे पुस्तक संपवता येईल. संपादकांनाही शेवट असा चालेल. ते वाक्य मी पेन्सिलीनं खोडून ठेवलं आहे. तू हो म्हण, म्हणजे पक्कं करते.

रागावू नकोस.

तुझी भाची

२४ एप्रिल

प्रिय मामा,

महिना होऊन गेला, तुझं पत्र नाही. फोन दोनदा केला, तू उचलला नाहीस. शेवटी पोस्टमास्तरांना केला. ते म्हणाले, "तब्येत ठीक आहे. रोज खेळतात, रोज हरतात. लिहायचं थांबवलंय."

मी जे लिहिलं ते काळजीनं लिहिलं. पण काळजीनं लिहिलेलं चूक नसतंच असं नाही. माझं काय चुकलं ते कळव. पुस्तकाचं राहू दे.

तुझी भाची

२९ एप्रिल

प्रिय खोडरबर,

रागावलो होतो. आठ दिवस. उरलेले दिवस विचार करत होतो.

आधी खुणांचं. त्या माझ्याच आहेत. एकतीस वर्षांत खुणेशिवाय एकही पान या घराबाहेर गेलं नाही. पान ५९ आलं, तर खूण करायला कुणी नव्हतं. आधी डाव्या हातानं करून पाहिली, झुरळ चालल्यासारखी आली. मग उजव्यानं केली. ती तिची आहे असं मी क्षणभरही समजलो नाही. तिकिटाशिवाय पाकीट जात नाही, म्हणून लावलेलं ते तिकीट.

झालेलं मी मानत नाही, असं तू लिहितेस. मी तिथे होतो. तुला मी कधी सांगितलं नाही, तू कधी विचारलं नाहीस, म्हणून आता सांगतो. गुरुवारी पावणेअकराला नर्सनं हॉस्पिटलच्या खोलीचा पडदा सरकवला. उजेड आला तशी तुझी मामी म्हणाली, "पेन्सिलीला टोक नाही." मी बेसिनपाशी जाऊन टोक काढलं. ते तुटलं. पुन्हा काढलं. वळून पाहिलं तर अकराला चार मिनिटं कमी होती आणि पान ५९ तिच्या हातात उलटं होतं. एवढंच. माझीसुद्धा तयारी झालेली नव्हती.

आता तुझं. तुझी चारही पत्रं टेबलावर ओळीनं मांडली आणि तू प्रुफं वाचतेस तशी वाचली. मामी गेली, हे तू एकदाही लिहिलेलं नाहीस. पहिल्या पत्रात तिच्या खुणा पाहून तुला हायसं वाटतं. दुसऱ्यात कुणी तरी "तुम्हा दोघांची" चौकशी करतं. तिसऱ्यात मी मानत नाही म्हणतेस, आणि काय मानत नाही, तेवढं गाळतेस. गाळलेला शब्द पकडणं हा तुझा धंदा ना?

आणि घड्याळजीच्या बायकोचं मरण तू मला तीनदा परत पाठवलंस. पहिल्यांदा वाचकाची तयारी नव्हती. दुसऱ्यांदा विनोद आड आला. तिसऱ्यांदा ते लागतच नाही म्हणालीस. पहिल्या दोन वेळा मला वाटलं, ही पुस्तकाचं बोलतेय. तिसऱ्या वेळी मी तुला ओळखलं.

तुझी आई, माझी बहीण, गेली तेव्हा तू सहा वर्षांची होतीस. मामीनं तुला जवळ घेऊन सांगितलं. तू "बरं" म्हणालीस आणि आतल्या खोलीत गेलीस. थोड्या वेळानं आम्ही पाहिलं, तर स्टुलावर उभी राहून तू भिंतीवरच्या कॅलेंडरातली ती तारीख खोडरबरानं खोडत होतीस. छापलेली शाई जाते होय? कागद गेला. नऊ तारखेच्या जागी भोक पडून भिंत दिसायला लागली. मी तुला त्या दिवशी हे नाव दिलं. हसवायला दिलं, दुसरं काय करावं सुचेना. चाळीस वर्षं तेच म्हणत आलो. तुझ्या मामीनं तुला या नावानं एकदाही हाक मारली नाही, तुझ्या लक्षात आलंय का? ती 'बाळ' म्हणायची. महिना संपल्यावर कॅलेंडरचं पान उलटायला गेलो, तर मलाच ओरडली, "तिचं तिला उलटू दे."

मी काही साधू नाही. तू वाक्य पुढे ढकललंस आणि मला तिच्याबरोबर साठ पानं फुकट मिळाली. मी मजेत राहिलो. पण पान १२७ पासून ती बोलत नाही गं. मी सहाला बसतो, ती टेबलाशी समोर बसते, आणि गप्प. मला तिचं जेवढं आठवत होतं, तेवढं तिनं बोलून टाकलं. आता मी तिच्या तोंडी काही घातलं तर ते माझं असेल.

तेव्हा ते वाक्य कुठे ठेवायचं हे तू ठरव. ६१, ९०, १२८, कुठेही. नकोच म्हणालीस तर काढून टाकीन, ती तशीच बसून राहील. अट एकच. जिथे ठेवशील, तिथे ते तुझ्या हातानं लिहून पाठव.

तुझा मामा

६ मे

प्रिय मामा,

हे पत्र तिसऱ्यांदा लिहिते आहे. पहिल्या दोन्हींत मी तुझ्या पत्रातल्या छोट्या चुका दाखवून सुरुवात केली होती. फाडून टाकली.

मामी गेली.

हे लिहून मी उठून पाणी प्यायले आणि परत येऊन बसले. शब्द जागेवर होते.

तू म्हणालास त्यात एक भर घालते, कारण ती तुला माहीत नाही. दहा सप्टेंबरला मामीनं मला फोन केला होता. म्हणाली, "पन्नास पानं झाली बघ, पण आता हात थकतो. ये चार दिवस. मी वाचत जाईन, तू खुणा कर." मी म्हटलं, "मामी, शब्दकोशाचा 'क' चालू आहे, संपला की येते. तोवर तू बरी हो." ती म्हणाली, "बरं बाळ, आधी काम." 'क' ऑक्टोबरात संपला.

शेपूट कुठल्या पानापासून वळलंय, हे मला पहिल्याच दिवशी दिसलं होतं. तरी मी हायसं वाटलं असं लिहिलं. ते खोटं होतं का? हायसं खरंच वाटलं होतं. काही वेळ.

याहून वाईट पुढे आहे. मामीचे पाय गार पडतात, असं मी गेल्या वर्षी कधी तरी जुळणीवाल्या बाईंना बोलले होते. डिसेंबरात त्यांनी राखाडी लोकरीचे मोजे विणून आणले. मी ते घेतले. आठवड्यानं त्यांनी विचारलं, "आवडले का मामींना?" मी म्हटलं, "फार आवडले." नंतरही त्या विचारत राहिल्या, मामी कशा आहेत, आणि मी सांगत राहिले, बऱ्या आहेत. सात महिने, मामा. ऱ्हस्वाचा दीर्घ झाला तर मला झोप लागत नाही, आणि हे मी सहज बोलत होते. त्यांना फसवत होते असंही म्हणता येत नाही. बोलून झालं की थोडा वेळ मामी खरंच बरी असायची.

परवा त्यांना सांगितलं. त्यांचे हात थांबले.

"डिसेंबरात?" त्या म्हणाल्या.

"नाही, सप्टेंबरात."

"म्हणजे मी विणत होते तेव्हा…"

"हो."

त्यांनी कीबोर्ड बाजूला सारला. मग म्हणाल्या, "टाचा मी दोनदा उसवल्या होत्या हो." त्यावर मला रडू आलं. भर कचेरीत, सगळ्यांसमोर, अगदी शेवटून दुसऱ्या प्रकरणासारखं. खिडकी मात्र कुणी उघडली नाही, ती गेल्या वर्षापासून अडकून बसली आहे. बाईंनी मला पाणी दिलं, दुपारपर्यंत माझ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत, आणि निघताना विचारलं, "मामांचा पाय केवढा आहे?"

तुझी अट. हे माझ्या हातानं:

पान ६१. गुरुवारी सकाळी अकराला चार मिनिटं कमी असताना घड्याळजीची बायको वारली.

'सुमाराला' काढलं. तुला मिनिट माहीत आहे, तर वाचकालाही कळू दे. तयारी व्हायची नसेल तर होणार नाही. १२८ वर मी जे खोडलं होतं, त्याचा आता प्रश्नच उरत नाही.

मधल्या साठ पानांचं काय करायचं, ते मला सांगता येत नाही. ती चांगली आहेत. ती या पुस्तकात बसत नाहीत. दोन्ही खरं आहे.

मी सोळाला येते, चार दिवसांसाठी. शब्दकोशाचा 'भ' थांबेल. मी मोठ्यानं वाचते, तू प्रूफ धर.

तुझी भाची

२१ मे

प्रिय बाळ,

तू गेल्यावर घर एकदम मोठं झालं. मोजे घालून बसलो आहे. मे महिना आहे, पण घातले. डावी टाच जरा सैल आहे, बाईंना सांगू नकोस. पोस्टमास्तरांनी मोज्यांकडे पाहिलं आणि तीन डाव सलग जिंकले. भाचीच्या हातचा चहा प्यायलात म्हणून, असं मी म्हटलं.

साठ पानं पुस्तकातून काढली, सुतळीनं बांधली आणि फ्रिजवर ठेवली, चष्म्याशेजारी. कुणाला लागली तर सापडतील. स्वेटर पुन्हा पान ७४ वर देऊन टाकला. तेराचे ठोके देणारं गिऱ्हाईक त्याच्यानंतर येतं. विनोद ठेवलाय.

मला निम्मं ऐकू येतं हे तुझं म्हणणं मान्य. पण पान ६१ पूर्ण ऐकू आलं. तू "वारली" पाशी अडखळलीस, पुन्हा मागे गेलीस, पहिल्यापासून वाचलंस, आणि शेवटी "पूर्णविराम" म्हणालीस, ती म्हणायची तसं, थोडं दामटून. त्यानंतर तू पान उलटत नव्हतीस. मीही सांगितलं नाही. तुझं तुला उलटू द्यावं म्हटलं.

आज छपाईसाठी पाकीट भरत होतो. तू यायच्या आधी मी ५९ पासून पुढच्या माझ्या सगळ्या खुणा खोडून टाकल्या होत्या. ती पानं मोकळीच जाऊ देत, असं ठरवलं होतं. शेवटचं चाळताना पाहिलं, पान ६१ च्या तळाशी एक खूण आहे. लहान, सरळ, शेपूट उजवीकडे. मी अंडी उकडायला गेलो होतो तेव्हा केली असावीस.

शाईनं केली आहेस. आपल्या घरी खूण पेन्सिलीनं करतात, तुला माहीत आहे. पण असू दे.

मामा